बाळाचा आजार, आईच्या माथी दोष



कैरीच्या लोणच्याला पांढरी बुरशी का येते, ते ह्या खेपेला सांगायचे मी कबूल केले होते. तो विषय पुढे ढकलते. माधवनगरहून एका भगिनीचे पत्र आले आहे, आणि त्याचे उत्तर लोणचे मुरेपर्यंत थांबू शकत नाही. पत्र छापू नका, पण उत्तर सगळ्यांना वाचता येईल असे द्या, असे त्यांनीच लिहिले आहे. गावाचे नाव सांगायला त्यांची हरकत नाही. बाकी ओळख पटेल असे काही मी ठेवलेले नाही.

लग्नाला सहा वर्षे झाली. नवरा सख्खा आतेभाऊ, म्हणजे आत्याच सासू. घरचे यंत्रमाग आहेत. पहिला मुलगा झाला तो चांगला गुटगुटीत. वेळेवर मान धरली, पालथा पडला, सातव्या महिन्यात बसू लागला. आठव्या महिन्यात सर्दीतापाचे निमित्त झाले. ताप उतरला, पण बाळ पुन्हा बसेना. मग मान टाकू लागले. दूध पिताना ठसकू लागले. डोळे मध्येच भलतीकडे वळत, झोपेत श्वास अडकल्यासारखा होई. सांगली झाली, मिरज झाली, शेवटी मुंबई. तिथे मेंदूचा एमआरआय झाला, रक्तात लॅक्टेट वाढलेले निघाले, जनुकांची तपासणी झाली. आजाराचे नाव कळले: ली सिंड्रोम, मायटोकॉन्ड्रियाचा आजार. आजार बरा करणारे औषध नाही, हेही कळले. सव्वादोन वर्षांचे होऊन बाळ गेले.

त्यानंतर घरातल्या कुणीतरी मोबाइलवर पाहिले की मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून मुलात येतात. झाले! “तेव्हापासून आत्या माझ्याशी धड बोलत नाही. डॉक्टरच म्हणतात ना, आईकडूनच येतं, असं चारचौघींत म्हणते. हिच्याच मांडीवर मी वाढले. ताई, खरंच माझ्याच रक्तात खोट आहे का? असेल तर ह्यांना मोकळं करावं का? आणि दुसरं मूल होऊ द्यावं की नाही?”

पत्राबरोबर त्यांनी मुंबईच्या रिपोर्टातली एक ओळ जशीच्या तशी उतरवून पाठवली आहे. फार शहाणपणाचे केले. त्यांच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या ओळीतूनच निघतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच सांगून टाकते. आजार तुमच्या एकटीकडून आलेला नाही. तो दोघांकडून आला आहे, निम्मा निम्मा. ते कसे, हे समजून घ्यायला थोडे शरीरात डोकवावे लागेल.

माधवनगरच्या बायकांना मागाची उपमा चटकन कळेल. माग कितीही चांगला असला, सूत कितीही चांगले असले, तरी वीज कमी दाबाने आली की धोटा अडकतो. आपल्या शरीरातल्या पेशींचेही तसेच आहे. प्रत्येक पेशीत शेकड्यांनी, काही पेशींत हजारांनी मायटोकॉन्ड्रिया असतात. खाल्लेल्या अन्नातून आणि श्वासातल्या प्राणवायूतून वीज तयार करायचे काम त्यांचे. ज्या अवयवाला वीज जास्त लागते तो आधी थकतो: मेंदू, हृदय, स्नायू, डोळे, यकृत. तान्ह्या बाळाचा मेंदू तर दिवसागणिक वाढत असतो, त्याची भूक मोठी. म्हणून हे आजार पुष्कळदा पहिल्या वर्षातच डोके वर काढतात, आणि तापासारखे काही निमित्त झाले की उघडे पडतात. ताप म्हणजे जास्तीचा भार. आधीच अपुरी असलेली वीज त्या भाराला पुरत नाही. ताप आला नसता तर आजार झाला नसता, असे मात्र नाही. तो आत होताच.

ली सिंड्रोम हे नाव डेनिस ली ह्या इंग्रज डॉक्टरांवरून पडले. त्यांनी १९५१ मध्ये सात महिन्यांच्या एका बाळाच्या मेंदूत झालेले बदल प्रथम लिहून ठेवले. साधारण चाळीस हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार होतो असे धरतात. म्हणजे तुमच्या गावच्या डॉक्टरांनी उभ्या आयुष्यात एकही रोगी पाहिला नसेल, तर त्यात नवल नाही आणि त्यांना बोल लावण्यातही अर्थ नाही.

आता तो मोबाइलवरचा भाग. मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतात, हे खरेच आहे. बापाच्या शुक्रपेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया गर्भात टिकत नाहीत. बाळाच्या अंगातल्या सगळ्या आईच्या बीजांडातून आलेल्या असतात. तिच्या तिच्या आईकडून, तिच्या आजीकडून, अशी ती ओळ मागे मागे जाते. तुमच्यात, तुमच्या बहिणीत, मावशीत, मावसबहिणीत तीच ओळ. मामात ती असते, पण मामाच्या मुलीत नसते. तिथे मामीची ओळ सुरू होते.

पण अर्धीच गोष्ट सांगितली की अशी घरे मोडतात. मायटोकॉन्ड्रियाजवळ स्वतःची अशी सूचनांची एक छोटीशी चोपडी असते. त्यात जनुके किती? फक्त ३७. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी ती चोपडी १९८१ मध्येच अक्षर न् अक्षर वाचून काढली. तेवढ्या ३७ जनुकांवर एवढा मोठा कारभार चालत नाही. मायटोकॉन्ड्रियाला लागणारे बाकीचे सामान, हजाराहून अधिक प्रकारची प्रथिने, पेशीच्या केंद्रातल्या मोठ्या ग्रंथावरून तयार होऊन येतात. आणि त्या मोठ्या ग्रंथाच्या प्रत्येक पानाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. म्हणजे मायटोकॉन्ड्रिया आईची असली तरी ती ज्या सामानावर चालते ते बहुतेक सगळे दोन्ही घरांतून आलेले. सामानात खोट असली तर आजाराला नाव मायटोकॉन्ड्रियाचेच मिळते. लहान मुलांतले ह्या जातीचे बहुतेक आजार असे मोठ्या ग्रंथातल्या खोटीमुळेच होतात, छोट्या चोपडीमुळे नव्हे. एकट्या ली सिंड्रोमलाच शंभराहून अधिक वेगवेगळी जनुके कारण होऊ शकतात, हे आज ठाऊक आहे.

म्हणून “मायटोकॉन्ड्रियाचा आजार” एवढ्यावर थांबू नका. कोणते जनुक, हे विचारा. रिपोर्टात जनुकाचे नाव एमटी ह्या अक्षरांनी सुरू होत असेल आणि पुढे लहानशी रेघ असेल, तर ती छोटी चोपडी, आईची ओळ. नसेल, तर मोठा ग्रंथ.

माधवनगरच्या भगिनीने उतरवलेल्या ओळीत नाव आहे सर्फ वन. हे जनुक मोठ्या ग्रंथात, नवव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. ते बिघडले की ली सिंड्रोम होतो, हे १९९८ मध्ये कळले. आणि ओळीत पुढे शब्द आहे होमोझायगस. म्हणजे बाळाकडे ह्या पानाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या आणि दोन्हींत चूक एकच होती. एक प्रत आईची, एक बापाची. आईबापांजवळ प्रत्येकी एक चांगली प्रत असल्यामुळे ते स्वतः ठणठणीत असतात. त्यांना वाहक म्हणतात. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. तुमच्या माझ्या प्रत्येकीच्या ग्रंथात अशी काही बिघडलेली पाने आहेतच. जोडीदाराकडे नेमके तेच पान बिघडलेले नसते, म्हणून आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही.

मग इथे दोघांचे तेच पान बिघडलेले कसे निघाले? आता नाते आठवा. नवऱ्याची आई आणि बायकोचे वडील, सख्खी बहीणभावंडे. दोघांचे आईवडील एकच. त्या आजी किंवा आजोबांपैकी एकाकडे ते पान असावे. ते मुलीला मिळाले आणि मुलालाही मिळाले. मुलीने, म्हणजे आत्याने, नकळत ते आपल्या मुलाला दिले. मुलाने, म्हणजे वडिलांनी, नकळत आपल्या मुलीला दिले. दोन पिढ्या कुणाला काही झाले नाही. ती दोन टोके लग्नात एकत्र आली.

आत्याबाई, हा अंक तुमच्या हातात पडला तर एवढे वाचाच. ज्या घरातून हे पान आले ते तुमचे माहेर आहे आणि सुनेचेही तेच माहेर आहे. “तुझ्या घरून आलं” असे म्हणायला इथे दुसरे घरच नाही. पण सुनांनीही हे वाक्य सासूच्या तोंडावर फेकायला पाठ करून ठेवू नये! आत्याने काही मुद्दाम केलेले नाही, आजीनेही नाही. आजीला जनुक हा शब्दही ठाऊक नव्हता.

मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या भागात जुनी आहे. इरावतीबाई कर्वे ह्यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या ह्या चालीबद्दल सविस्तर लिहिले आहे. सांगलीच्या पुढे कर्नाटकात गेले की सख्ख्या मामाशीही लग्ने लागलेली दिसतात. ह्या चालीला नावे ठेवायला मी बसलेली नाही. ओळखीच्या घरात मुलगी जाते, जमीन घरात राहते, आत्या जीव लावते, हे सगळे तिच्या मागे आहे. पण हिशेब माहीत असावा. सख्ख्या आतेमामे भावंडांच्या जनुकांचा सुमारे आठवा हिस्सा सारखा असतो. त्यांच्या मुलांत जन्मजात गंभीर आजाराची शक्यता इतरांपेक्षा साधारण दोनतीन टक्क्यांनी वाढते. म्हणजे बहुसंख्य मुले धडधाकटच निपजतात. म्हणूनच तर ही चाल इतकी वर्षे चालत आली. ज्या घरात एकदा असे मूल होऊन गेले आहे त्या घराचा हिशेब मात्र निराळा. दोघे वाहक ठरले की प्रत्येक गरोदरपणी चारात एक शक्यता आजारी मुलाची, चारात दोन वाहक पण निरोगी मुलाची, चारात एक ते पान अजिबात नसलेल्या मुलाची. प्रत्येक खेपेला चिठ्ठी नव्याने टाकली जाते. “एक गेलं, आता पुढची तीन चांगली” हे खरे नाही, आणि “आता सगळी तशीच होणार” हेही खरे नाही.

ह्याच कारणाने नवऱ्याला “मोकळे” करण्याचा प्रश्न निकालात निघतो. तो स्वतः वाहक आहे. नात्यातलीच दुसरी केली तर तीच भीती पुन्हा उभी. शिवाय पहिली बायको असताना दुसरे लग्न १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने चालत नाही, हे ज्या कुणाच्या मनात तसे असेल त्याला सांगून ठेवा. काळजी घ्यायची ती निराळ्या ठिकाणी. दिराचे किंवा नणंदेचे लग्न आता पुन्हा मामाच्या घरात ठरत असेल, तर आधी त्या दोघांची तपासणी करा. कोणती चूक शोधायची ते आता माहीत आहे, त्यामुळे ही तपासणी सोपी आणि पहिल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. नुसते रक्त द्यावे लागते.

आता ज्यांच्या रिपोर्टात खरोखरच छोट्या चोपडीचे नाव निघते त्या भगिनींसाठी दोन शब्द. त्यांनाही दोष नाहीच. आईच्या पेशीत चांगल्या आणि बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रिया मिसळलेल्या असतात. एका बीजांडात बिघडलेल्या थोड्या जातात, दुसऱ्यात पुष्कळ. डाळतांदळाच्या खिचडीतून डोळे मिटून मूठ भरावी तसे. एका मुठीत डाळ जास्त येते, एकीत तांदूळ. म्हणून आई बरी, मोठी मुलगी बरी आणि धाकटा आजारी, असे होऊ शकते. बिघडलेल्यांचे प्रमाण फार वाढले की मगच आजार दिसतो. त्यामुळे इथे चारात एक असा साधा हिशेब चालत नाही, अनुवंशशास्त्राच्या डॉक्टरांकडेच बसावे लागते. दुसऱ्या स्त्रीचे बीजांड घेण्याचा विचार असेल तर बहिणीचे किंवा मावसबहिणीचे चालायचे नाही, तिची ओळ तुमचीच. पुष्कळ घरांत मायेपोटी बहीणच पुढे येते, म्हणून मुद्दाम लिहिते. इंग्लंडमध्ये आईबापांचा मोठा ग्रंथ तसाच ठेवून दुसऱ्या स्त्रीच्या निरोगी मायटोकॉन्ड्रिया वापरण्याचा मार्ग काढला आहे. त्याला कायद्याने २०१५ मध्ये परवानगी मिळाली, आणि न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी अशी आठ बाळे जन्मल्याचे २०२५ च्या जुलैमध्ये जाहीर केले. वर्तमानपत्रांनी त्यांना तीन पालकांची मुले म्हटले. मला ते नाव आवडत नाही. त्या तिसरीच्या वाट्याला फक्त ३७ जनुके येतात. नाक, डोळे, स्वभाव सगळे आईबापांचेच.

हे वाचून ज्यांची बाळे अजून बसत नाहीत त्या आया घाबरून जातील, म्हणून थांबून सांगते. उशिरा बसणारी, उशिरा चालणारी बहुतेक मुले पुढे चांगली निघतात. तेही डॉक्टरांना दाखवावे, पण रात्रीची झोप घालवू नये. झोप घालवण्यासारखी गोष्ट एकच: आलेली गोष्ट जाणे. धरलेली मान पुन्हा टाकणे, बसणारे मूल न बसणे, हसणारे मूल न हसणे. त्याच्या जोडीला वारंवार उलट्या, वजन न वाढणे, दूध ओढताना दमणे, डोळे थरथरणे, श्वासाची लय बिघडणे, आकडी येणे, ह्यांतले काही असेल तर “दात येताहेत”, “नजर लागली” म्हणून आठवडे काढू नका. दृष्ट हवी तर काढा, मीठमोहऱ्या स्वस्त आहेत. पण त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा.

घाई का, तर ली सिंड्रोमसारख्या दिसणाऱ्या आजारांत काही थोडे बरे होण्यासारखे असतात. एका आजारात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, पेशीत शिरतच नाही. एमआरआयचे चित्र ली सिंड्रोमसारखेच, पण थायमिन आणि बायोटिन ही दोन जीवनसत्त्वे मोठ्या मात्रेत वेळेवर सुरू केली तर मूल सावरते. ती आयुष्यभर घ्यावी लागतात. सौदी अरेबियातल्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये ह्या आजाराचे वर्णन केले, आणि पुढे भारतातही असे रोगी सापडले. म्हणून जाणते डॉक्टर रिपोर्टाची वाट न पाहता ही जीवनसत्त्वे आधी सुरू करतात. तुमच्या डॉक्टरांनी केली नसतील तर विचारायला संकोच करू नका. “डॉक्टर, बी-१ आणि बायोटिन देऊन पाहायचं का?” एवढे विचारले म्हणून कुणी रागावत नाही, आणि रागावले तरी चालेल.

बी-१ चा विषय निघालाच आहे तर बाळंतिणीच्या पथ्याकडे वळते, कारण ते माझ्या स्वयंपाकघरातले आहे. काश्मीरमधल्या बालरोगतज्ज्ञांना अंगावर पिणारी दोनतीन महिन्यांची बाळे अशी दिसू लागली की अचानक धाप लागते आणि रक्तातले आम्ल भयंकर वाढते. पाहणाऱ्याला वाटावे, जन्मजात आजारच. पण बी-१ चे इंजेक्शन दिले की काही तासांत बाळ सुधारे. कारण आईच्या ताटात होते: पांढराशुभ्र, चारचारदा धुतलेला तांदूळ, आणि बाळंतपणात डाळी, भाज्या वर्ज्य. आईच्याच अंगात जीवनसत्त्व नाही, तर दुधात कुठून येणार? आपल्याकडे बाळंतिणीला नुसत्या मऊ भातावर ठेवणारी घरे अजून आहेत. बाळाला वारा होईल म्हणून मटकी नको, डाळ नको, शेंगदाणे नकोत. हे पथ्य सोडा. बाळंतिणीला ज्वारीबाजरीची भाकरी, मुगाची डाळ, मोड आलेली मटकी, तीळ, शेंगदाणे, सगळे द्या. भात हवाच असेल तर हातसडीचा, एकदोन पाण्यांत धुतलेला. भाताचे पाणी ओतून देऊ नका. ह्याने सर्फ वनचा आजार टळत नाही, हे स्पष्ट सांगते. माधवनगरच्या भगिनीने काय खाल्ले आणि काय नाही ह्याचा तिच्या बाळाच्या आजाराशी काडीचा संबंध नव्हता. ग्रहणात चिरण्या-कापण्याचाही नव्हता.

ज्यांच्या घरी आज असे मूल आहे त्यांनी तीनचार गोष्टी सांभाळाव्यात. मूल उपाशी राहू देऊ नये. थोडे थोडे, पुनःपुन्हा भरवावे, ठसका लागत असेल तर नळीने भरवायला डॉक्टरांकडून शिकून घ्यावे. नळी घातली म्हणजे सगळे संपले असे नव्हे. बाळाचे आणि आईचे दोघांचेही हाल कमी होतात. ताप आला तर घरी अंगारे-धुपारे करीत न बसता लगेच दाखवावे. लसी डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर द्याव्यात, कारण गोवर किंवा डांग्या खोकला अशा मुलाला फार महाग पडतो. आणि आकडीसाठी नवे औषध सुरू होताना, विशेषतः व्हॅल्प्रोएट, डॉक्टरांना आजाराचे नाव आठवणीने सांगावे. मायटोकॉन्ड्रियाच्या काही आजारांत त्या औषधाने यकृत बिघडते. चालू असलेले औषध मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नये.

आणखी एक. अशा घरांचा वास लागल्यासारखी काही माणसे येतात. कुणी लाखालाखांची स्टेम सेलची इंजेक्शने सांगतो, कुणी शर्तिया काढा. ह्या आजारावर स्टेम सेलचा उपचार सिद्ध झालेला नाही. ज्या घराने आधीच दागिने मोडले आहेत त्याने राहिलेले मंगळसूत्र ह्या लोकांच्या हवाली करू नये.

जायचे कुठे? सांगली-मिरजेकडच्यांना सुरुवात करायला मिरज जवळ आहे. तिथले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासूनचे. तिथून चिठ्ठी घेऊन मुंबईला परळच्या के. ई. एम. रुग्णालयात जाता येते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजारांच्या धोरणात हे रुग्णालय नेमलेल्या केंद्रांपैकी आहे. महालक्ष्मीने रात्री निघाले की सकाळी मुंबई. ज्यांना बंगळूर सोयीचे आहे त्यांच्यासाठी तिथले निम्हान्स आहे, तिथे मायटोकॉन्ड्रियाच्या आजारांवर बरीच वर्षे काम झालेले आहे. हैद्राबादच्या सीसीएमबी ह्या संशोधन संस्थेतही ह्या आजारांच्या जनुकांचा अभ्यास होत आला आहे. त्या धोरणाखाली मदतीची मर्यादा २०२२ मध्ये पन्नास लाखांपर्यंत वाढवली, पण ती यादीतल्या आजारांच्या उपचारांसाठी आणि नेमलेल्या केंद्रांतूनच. आपला आजार त्यात बसतो का, ते तिथल्या समाजसेवा विभागात आधी विचारावे.

मूल फार आजारी असेल आणि जनुकांची तपासणी अजून झाली नसेल, तर डॉक्टरांना एक विनंती करा: त्याचे थोडे रक्त डीएनए काढून जपून ठेवायला सांगा. ही गोष्ट बोलायला जिवावर येते. कोणत्या आईला ते सुचेल? म्हणून घरातल्या मावशीने, काकाने ती बोलावी. मूल गेल्यावर तपासायला काही उरत नाही, आणि मग पुढच्या बाळासाठी नेमके काय शोधायचे तेच कळत नाही. तपासणीला देताना मोठ्या ग्रंथाबरोबर मायटोकॉन्ड्रियाची छोटी चोपडीही वाचणार का, हेही विचारा. काही वेळा ती वगळलेली असते.

आता दुसऱ्या बाळाचा प्रश्न. होऊ द्यावे की नाही, हे मी सांगणार नाही. तो नवराबायकोचा प्रश्न आहे, आत्याचाही नाही. पण व्हावे असे वाटत असेल तर वाट आहे, आणि तिचा क्रम चुकवू नये. दिवस राहण्याच्या आधी दोघांची सर्फ वनची तपासणी करून दोघे वाहक आहेत हे पक्के करून घ्यावे. दिवस राहिल्यावर लगेच, दुसऱ्या महिन्यातच, जनुकतज्ज्ञांना कळवावे. अकरा ते तेरा आठवड्यांच्या सुमारास वारेचा अगदी बारीक तुकडा काढून तपासता येतो; तो मुहूर्त चुकला तर सोळा आठवड्यांनंतर गर्भजल काढून. दोन्हींत गर्भपाताचा थोडा धोका असतो, साधारण शंभरात एक किंवा त्याहूनही कमी. निकाल यायला दोनतीन आठवडे धरावेत. ही तपासणी नोंदणी झालेल्या केंद्रातच होते, लेखी संमती घेतात आणि मुलगा की मुलगी हे सांगत नाहीत. १९९४ चा कायदा तसा आहे, आणि तुम्हीही विचारू नका. गर्भ आजारी निघाला तर पुढे काय करायचे ह्याचा निर्णय आईचा. कायद्यात २०२१ मध्ये बदल झाला असून, गर्भात गंभीर दोष असल्याचे वैद्यकीय मंडळाने मान्य केले तर चोवीस आठवड्यांनंतरही परवानगी मिळू शकते. पण तिथवर वेळ येऊच नये, म्हणून तर अकरावा आठवडा. प्रयोगशाळेत गर्भ तयार करून, तो तपासून मग गर्भाशयात ठेवण्याचीही सोय आता आहे. ती महाग आहे आणि पहिल्याच खेपेला यश येईल असे नाही.

बरोबर न्यायचे कागद एका पिशवीत वेगळे ठेवा: जनुकाचा मूळ रिपोर्ट आणि त्याच्या दोन झेरॉक्स, एमआरआयच्या फिल्म किंवा सीडी, दवाखान्यांची सगळी डिस्चार्ज कार्डे, दोघांची आधार कार्डे, शिधापत्रिका. शिवाय एका कोऱ्या कागदावर दोन्ही घरांची वंशावळ काढून न्या, आजीआजोबांपासून. कोण कुणाचा, कोणाचे मूल लहानपणी गेले, कोणत्या वयात, ते लिहा. ही वंशावळ काढायला घरातल्या सगळ्यांत वडील बाईला बसवा. माधवनगरच्या घरात ती बाई आत्याच असणार.